चंदनाक्काचा ‘ग्रो’

शिरोळच्या नेमगोंडा पाटलांनी २००२ साली उसाचा एक तुकडा मोडून जरबेराचं पॉलिहाऊस घातलं. मुलगा सुकुमार जयसिंगपूरच्या दुकानात अडकलेला, त्यामुळं फुलं आपोआप सुनेच्या गळ्यात पडली. चंदना सातवी शिकलेली, माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. पहिल्या वर्षी मुळं कुजून निम्मी रोपं गेली. सासरे म्हणाले, “ऊसच बरा हुता.” ती हटली नाही. वाफे उंच केले, पाणी बेतानं सोडलं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात लाल-केशरी फुलांनी आत पाय ठेवायला जागा उरली नाही.

औषधांच्या बाटल्यांवर सगळं इंग्रजीत. म्हणून ती रोज आदितीच्या, आपल्या पाचवीतल्या लेकीच्या, शेजारी अभ्यासाला बसायची. एकदा ‘ग्रो’ हा शब्द आला.

“ग्रो म्हणजे वाढणं,” आदितीनं सांगितलं. “प्लांट्स ग्रो.”

“आन् आपुन वाढीवतो ते?”

“तेबी ग्रोच. फार्मर ग्रोज फ्लॉवर्स.”

“आन् ताटात वाढतो ते?”

“ते सर्व्ह गं आई!” आदिती हसून लोळायला लागली. मग बाईंच्या सुरात म्हणाली, “ग्रो ओल्ड म्हणजे म्हातारं होत जाणं. ग्रो म्हटलं की एकदम काही होत नाही. हळूहळू होत जातं.”

चंदनाला हे मनापासून पटलं. शब्द भारी आवडला. वाफ्यांतून हिंडताना ती पुटपुटायची, “आय ग्रो, यू ग्रो.”

२००४ साली कोल्हापुरात पुष्पप्रदर्शन भरलं. पाटलांच्या टेबलावर कार्ड होतं नेमगोंडांच्या नावाचं. परीक्षक बंगळूरच्या एक बाई होत्या. फुलांचे दांडे निरखत त्यांनी विचारलं, “हू ग्रोज दीज?”

संयोजकांनी नेमगोंडांकडं बोट केलं. नेमगोंडांना प्रश्नच कळला नाही. ते नुसते हसले. मागं उभ्या असलेल्या चंदनाला मात्र त्यातला एक शब्द लख्ख ऐकू आला. ती पुढं झाली.

“आय ग्रो देम.”

बाईंनी भराभरा इंग्रजीत पुढचं विचारलं. ते काही तिला झेपलं नाही. पण कानडी येतं का, असं तिनं सरळ कानडीतच विचारलं, आणि बाई खुलल्या. मग मुळं, पाणी, कीड, सगळ्यावर दोघी टेबलाशी बोलत राहिल्या. बघ्यांचं कोंडाळं जमलं.

नेमगोंडा सगळं ऐकत होते. एकदम संयोजकांवर ओरडले, “अवो पावणं, ते कार्ड बदला की! फुलं आमच्या सुनंची हाईत. माझी नुसती जमीन!”

संध्याकाळी पहिला नंबर पुकारला गेला: चंदना सुकुमार पाटील. तिनं कप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. टाळ्यांत सर्वांत मोठा आवाज सासऱ्यांचा होता.

परतताना जीपमध्ये ती सासऱ्यांना म्हणाली, “मामा, अजून एक पॉलिहाऊस घालूया म्हणते.”

“घाल की!” नेमगोंडा म्हणाले. “नदीकडचा तुकडा नको, पुराचं पाणी येतंय. विहिरीजवळचा घे.”