सुई डावीकडं का जाते

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेडंवाकडं लिहिलं गेलं तर तसंच वाचा.

चिकपेटेच्या कापडबाजारात, साडीच्या दुकानात गादीवर बसून मी चाळीस वर्षं साड्या उलगडल्या नि घड्या घातल्या. घरी बायको त्याच दुकानाच्या साड्यांना फॉल लावायची. गठ्ठा खांद्यावरनं न्यायचा-आणायचा, एवढंच माझं काम. मग तिला लकवा झाला, उजवा हात गेला.

"अहो, गठ्ठा परत पाठवू नका. मी सांगते, तुम्ही शिवा."

"बायकांचं काम हाय ते."

"इतकी वर्षं बायकांच्या कामाचं जेवलात, तवा गोड लागलं की."

बसलो शिवायला.

खाटेवर मी, माझ्या डाव्या अंगाला ती. फॉल आधी भिजवून वाळवायचा, नाहीतर मागनं आक्रसतो नि साडीला चुण्या पडतात. साडीचे दोनच धागे उचलायचे, म्हणजे टाका वरनं दिसत नाही. "दोन म्हटलं की दोन. पोतं शिवताय का?" जीभ शाबूत होती तिची. सुई अडायला लागली की केसांतनं फिरवायची, तेलानं ती सुळसुळीत होते. माझं तर टक्कल. मग ती डोकं माझ्याकडं झुकवायची आणि मी तिच्या कानामागनं सुई फिरवून घ्यायचो. तिची तेल-वेणी मीच करायचो, त्यामुळं तेलाला तोटा नव्हता. दोन वर्षं अशी गेली. आता ती जाऊन सव्वा वर्ष झालं. फॉल मी अजून लावतो.

वरच्या खोलीत पुण्याची एक पोरगी भाड्यानं राहते. तिकडं एचएसआर लेआउटात कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे. एका रविवारी खाली आली.

"काका, आमच्याकडे रोबोटला हाताची कामं शिकवतात. कपाळाला कॅमेरा लावून तुम्ही रोजच्यासारखं शिवायचं, बस. तासाचे पैसे मिळतात."

"यंत्र शिकल्यावर पेटेतल्या फॉलवाल्या बायकांनी काय करायचं?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. माझंही काम उद्या तेच करेल, असं ऑफिसात सगळे म्हणतात."

खोटं बोलली असती तर हाकलली असती.

बायकोनं दारात येईल त्या बाईला फॉल लावायला शिकवला होता. गिऱ्हाईक जाईल म्हणून मी भांडायचो. ती म्हणायची, "टाका काय हंड्यातलं पाणी हाय, दिलं की संपायला?" पण त्या बायका होत्या, त्यांच्या पोटाला मिळत होतं. यंत्राला कुठलं पोट? त्याच्या कमाईचं जेवण कुणाच्या ताटात पडणार? हे कळत होतं तरी मी हो म्हटलं. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागं तिचा टाका यंत्रात का होईना, राहील, एवढाच माझा लोभ.

बेंदराला बैलाच्या कपाळी बाशिंग बांधतात तसा पट्टा बांधून चार दिवस शिवलं. पाचव्या दिवशी पोरगी पडेल चेहऱ्यानं आली.

"काका, व्हिडिओ रिजेक्ट झाले."

"टाका चुकला?"

"टाका एकदम परफेक्ट आहे. पण हे बघा."

फोनवर माझेच हात. आठ-दहा टाके पडले की सुईचा हात डावीकडं जात होता. हवेत, बसलेल्या माणसाच्या कानाएवढ्या उंचीवर थांबून जरासा फिरत होता नि परत येत होता. दर वेळी.

"तिकडे काय आहे, काका?"

मलाच ठाऊक नव्हतं, की मी असं करतो. मग सांगितलं तिला. तिनं फोन पालथा ठेवला. हळूच म्हणाली, "एवढं टाळता येईल का? नाहीतर मशीन तेही शिकेल. हात तिकडे नेत राहील."

मला हसू आलं. बायको म्हणाली असती, त्या लोखंडाला खोबरेल कोण देणार?

दुसऱ्या दिवशी परत बसलो. सकाळी हात निम्म्यावर जायचा, मी ओढून आणायचो. दुपारपर्यंत चार-पाचदाच गेला. चहानंतर एक अख्खा फॉल लागला, हात एकदाही हलला नाही.

"सुपर, काका!" पोरगी खूश.

मी मात्र सुई खाली ठेवली. दोन वर्षांत शिकलेलं हात एका दिवसात विसरायला लागला होता.

पट्टा काढून तिच्या हातात दिला. "हा एक फॉल ने. टाका तिचाच हाय, शिकव यंत्राला. पुढचं माझ्याच्यानं होणार नाही."

"अहो पण काका, बाकीचे तास? पैसे...?"

"सरी, सरी, राहू दे. चहा घेऊन जा."

ती गेल्यावर नवीन साडी मांडीवर घेतली. वीतभर शिवलं. हात जागचा हलेना. आणखी वीतभर. नाहीच. साडी बाजूला ठेवून बसून राहिलो. मुद्दाम नेण्यात काय अर्थ? ते सोंग झालं असतं. परत साडी घेतली. पदराकडं जाता जाता जरीत सुई अडली.

हात आपणहून डावीकडं गेला. मी ओढला नाही.