अर्धं चकचकीत बॉनेट

नीवेसमावशींच्या जुन्या लान्चिया फुल्व्हिया गाडीचं अर्धं बॉनेट मी घासून चकचकीत केलं, ते चांगल्या हेतूने. परीक्षक यायला तासभर होता, तेवढ्यात मावशी बाहेर आल्या.

"फडकं खाली ठेव," त्या म्हणाल्या.

दर मे महिन्यात आमच्या घाटात जुन्या गाड्यांची माथ्यापर्यंत फेरी निघते. सगळ्यांच्या पुढे एक गाडी असते, आणि यंदा तो मान मावशींच्या फुल्व्हियाला किंवा औषधवाल्या बेनास्सींच्या अल्फाला मिळणार होता. निवड करायला संग्राहकांचे सल्लागार इंजिनियर आउदिझिओ तोरिनोहून येत होते.

मावशींनी सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली. त्या घाटात पोरांना ओकू न देता शाळेत पोचवणं ही काही साधी गोष्ट नाही, हे मी अनुभवाने सांगतो. फुल्व्हिया त्यांनी तरुणपणी घेतली. स्वतःच्या लग्नाला तीच चालवत गेल्या आणि वडिलांना शेवटचं पोचवायलाही. तिला पुन्हा रंग म्हणून कधी दिला नाही. मूळचा लाल मुरून चेरीच्या मुरंब्यासारखा झाला होता. बेनास्सींनी मात्र अल्फा स्क्रूपासून नवी करून घेतलेली, माशीसुद्धा बसायला बिचकावी अशी.

मूळ रंगाला हात लावायचा नसतो हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण अल्फाशेजारी आपली मावशी गरीब दिसेल, हे मला बघवेना. पॉलिशचा डबाही मी बेनास्सींकडूनच मागून आणला होता. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

उरलेलं अर्धं तरी घासू द्या, दोन्ही बाजू सारख्या दिसतील, असं मी सुचवलं. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की शाळेत जायचे दिवस आठवले.

इंजिनियर दोन्ही गाड्या घाटात फिरवून आले. अल्फाचं इंजिन गातं, वळणावर ती शेपूट हलवते, गिऱ्हाईक तिच्यावर जीव टाकतं. फुल्व्हियाला पुढची चाकं ओढतात, म्हणून ती वळणाला चिकटून जाते, पण सुटे भाग शोधताना मालकाचे जोडे झिजतात. हे सगळं ते खुशीत सांगत होते. मग त्यांचा हात बॉनेटवरून फिरला आणि मध्यावर थांबला. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. मी बुटांच्या नाड्या तपासू लागलो.

"या पोराने," मावशी म्हणाल्या. "औषधवाल्यांपुढे माझी लाज राखायला निघाला होता. इंजिनियरसाहेब, गुण कापायचेत तेवढे कापा. झाकायला मी काही चादर आणणार नाही. आता बाकीची गाडी बघा."

त्यांनी गुण कापले, वहीत जोर लावून. मग आसनांचं कापड, गालिच्याखालचा पत्रा, डिकीतला जॅक, सगळं बघितलं. बराच वेळ.

"दोत्तोरेसाहेब, तुमची अल्फा उद्या पुन्हाही अशीच करता येईल," ते शेवटी बेनास्सींना म्हणाले. "ही नाही करता येणार."

रविवारी फुल्व्हिया सगळ्यांच्या पुढे होती. मी मावशींच्या शेजारी बसलो होतो. जिथे जिथे बस थांबायची, तिथे तिथे त्यांनी शाळेत पोचवलेली पोरं उभी होती. काहींना दाढ्या होत्या, काहींच्या कडेवर पोरं. मावशींनी प्रत्येक थांब्यावर एकदाच हॉर्न वाजवला, बसचा वाजवायच्या तसा. चकचकीत अर्धं माझ्या डोळ्यांत ऊन मारत होतं. मुद्दाम त्याच बाजूला बसवलं होतं मला.

वरती बेनास्सींनी मावशींना मिठी मारली. मग माझ्याकडे वळले.

"पॉलिश माझं आणि मान तिला. डबा कधी देतोयस?"

उद्या, म्हणालो. डबा अजून माझ्याकडेच आहे, आणि खोकल्याच्या गोळ्यांसाठी मी आता खालच्या गावात जातो.