चिरेखाणीतला ठिपका

बायकोनं लावलेला सुरण डुकरं उकरायला लागली, म्हणून परवान्याची रायफल काढली. नेम जुळवायला जागा हवी होती. ती गावाशेजारीच सापडली, बंद पडलेली चिरेखाण. उंच भिंती, आसपास माणूस नाही. भिंतीवर चुन्याचा ठिपका काढताना हात शिवशिवत होते.

पहिली गोळी वीतभर डावीकडे गेली.

"भिंतीला तरी लागली, म्हातारबा," सोबत आलेला शेजारचा बाबल्या म्हणाला.

नळीच्या टोकाची नेम धरायची माशी, गोळी चुकते त्याच बाजूला, जराशी डावीकडे ठोकली. पुढची गोळी थेट ठिपक्यात.

गोळी कुठं चुकली ते भोक दाखवतं. माझं कुठं चुकलं ते बायको दाखवायची, तोंडावर. ती गेल्यापासून सगळे मला म्हणतात, "तुमचं बरोबर आहे." दया करतात मेले.

ठिपक्यातलं भोक बोटानं चाचपलं. खरंच बरोबर होतं. आता येऊ देत डुकरं.