एक नंबर, एक माणूस

पेठ नाक्यावर मजुरांची नोंदणी करताना ती भेटली. सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला आलेली, पदर दातात धरून बोलणारी. नोंद झाली तरच दवाखान्याची मदत मिळणार होती. आमच्या डेटाबेसमध्ये माणसाची ओळख म्हणजे मोबाइल नंबर. एका नंबरावर एकच माणूस, असं वरूनच ठरून आलेलं.

तिनं नंबर सांगितला, मी भरला. मग तिच्या सुनेनं तोच सांगितला. मागच्या म्हाताऱ्यानंही तोच.

"सगळ्यांचा एकच कसा?" मी वैतागलो.

"पाड्यात रेंज नाय. टेकडीवर झाडाला एकच फोन टांगलाय. वाजला की जवळ असंल तो हाक मारतो."

यात तिला काही चुकीचं वाटत नव्हतं. चुकीचं नव्हतंच. मी साहेबांना फोन लावला. "आता डेटाबेसची रचना बदलता येणार नाही," ते म्हणाले.

तिला तसं सांगितलं. ती वळून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंग माझं नाव काढा. सून पोटुशी हाय, तिचं टाका."

मी काढलं.

ती अजून नाक्यावर दिसते. आमच्या डेटाबेसमध्ये ती कुठेच नाही. मला मात्र लांबूनच ओळखते, हसते, आणि मी गाडीचा वेग वाढवतो.