अंशुमन सरांचं इंग्रजी

मंडळाची वार्षिक सभा संपून जेवणाची रांग लागली होती, आणि अंशुमननं शशिधर काळ्यांची मान धरून त्यांचं तोंड स्वयंपाकघराच्या शटरवर आपटलं. एकदा आपटून थांबला असता, तर राग म्हणून सोडून दिलं असतं. तो थांबेना. चौघांनी मागे ओढला तेव्हा काळ्यांच्या नाकातलं रक्त मसालेभाताच्या पातेल्यात पडलेलं होतं. पुढे पिनरभर, म्हणजे लंडनच्या आमच्या या उपनगरात, नाकापेक्षा त्या भाताचीच हळहळ जास्त झाली. आमची माणसं अशीच आहेत.

काळे काय बोलले होते तेही ऐका. "आमचे सगळ्यांचे नंबर यानंच त्या चोरांना दिले. तिकडे ऐश करून हा आला, आणि फ्रॉडचे मेसेज आम्हाला!"

मी अंशुमनला दंडाला धरून माझ्या घरी आणलं. दुसऱ्या कोणाची टाप नव्हती. त्याची आई रश्मी माझी शेजारीण, आणि तो अगदी लहान असल्यापासून रविवारी माझ्या मराठीच्या वर्गात यायचा. "माझी बाबा आली" म्हणायचा, मी दुरुस्त केलं की पुन्हा तितक्याच आनंदानं चुकायचा. स्वभाव इतका गरीब, की वर्गात गांधीलमाशी शिरली तर बाकीची पोरं वह्या उगारून धावायची आणि हा तिच्यावर पेला पालथा घालून तिला बागेत सोडून यायचा. अशा पोराच्या हातून रक्त सांडलं, याचा मला काळ्यांच्या नाकापेक्षा मोठा धक्का बसला होता.

युनिव्हर्सिटी झाल्यावर तो थायलंडला इंग्रजी शिकवायला गेला. उत्तरेकडच्या एका गावातली शाळा. सकाळी पोरं रांगेत उभी राहून याला हात जोडतात, असे फोटो पाठवायचा. वर्ष संपलं आणि शाळेनं करार वाढवला नाही. पालकांचं म्हणणं, आम्ही इंग्लंडचा मास्तर मागितला होता, हा तर आमच्याहून काळा. जन्म पिनरचा, इंग्रजी अस्सल, पण कातडी सावंतवाडीची, करतो काय! मग त्यानं सरहद्दीजवळच्या एका इन्स्टिट्यूटची जाहिरात पाहिली. त्याला न्यायला गाडी आली. गाडी जंगलात शिरली, पुढे नदी लागली, होडीतून पलीकडे म्यानमारमध्ये उतरवलं आणि मागे लोखंडी दार बंद झालं. पासपोर्ट गेला, फोन गेला. त्या फोनमध्ये आम्ही सगळे होतो. हे काळ्यांना माहीत होतं, तरी बोलले.

मलाही एवढंच माहीत होतं. परत आल्यापासून तो याहून जास्त कोणाशी बोललाच नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती, ती कायम खिशात असायची.

मी त्या हातावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवली. "आता काय, मारामाऱ्या करत फिरणार आहेस?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो टेबलावर अंशुमनच्या समोरच होता. त्यानं मेसेज वाचला आणि पिशवी खाली पडली.

"मावशी, हा कोण आहे?"

आता सांगायलाच हवं. ते होते डॉक्टर रॉबर्ट. विधुर सर्जन, फोटोत पांढऱ्या घोड्याशेजारी उभे. मी काही खुळी नाही. हा चोर आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि एक पेनीसुद्धा द्यायची नाही हेही ठरवलं होतं. तरी ब्लॉक केलं नाही. कारण तो रोज दुपारी विचारायचा, आताही तेच विचारलं होतं, "डिअर, यू ईट राइस ऑलरेडी?" जेवलात का! माझा मुलगा केंब्रिजहून दर रविवारी फोन करतो आणि बॉयलरची सर्व्हिस झाली का विचारतो. मी जेवले का, हे माझा नवरा गेल्यापासून या देशात मला कोणी विचारलेलं नाही. चोर तर चोर, विचारतो ना!

"हा रॉबर्ट नाही," अंशुमन म्हणाला. "ही निलार आहे. माझी स्टुडंट. शी इज अलाइव्ह, मावशी." आणि तो टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

मग सगळं बाहेर आलं. त्या आवारात त्याला शिकवायलाच ठेवलं होतं. वर्गातली पोरं म्यानमारची, व्हिएतनामची, त्याच्यासारखीच फसवून आणलेली. इंग्लंडमधल्या एकट्या माणसांशी मेसेजवर गोड कसं बोलायचं, हे त्यानं त्यांना शिकवायचं. आधी त्यानं मुद्दाम चुकीचं शिकवलं. गिऱ्हाइकं उत्तर देईनात, तेव्हा मार पोरांना बसला, त्याच्या डोळ्यांदेखत, विजेच्या दांड्यानं. एका पोराची जीभ स्वतःच्याच दातांखाली तुटली. दुसऱ्या दिवसापासून अंशुमन नीट शिकवायला लागला.

निलारला बाकी सगळं जमायचं, पण आधी जेवलात का विचारल्याशिवाय तिला पुढे लिहिताच यायचं नाही. तिच्याकडे माणसाशी बोलणं तसंच सुरू होतं. आपल्याकडेही तसंच. इंग्रजांना ते विचित्र वाटतं, ते उत्तर देत नाहीत. अंशुमननं तिला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी तिथल्या बॉसनं लोखंडी पाइप त्याच्या हातात दिला. तू शिकवलंस, तूच दुरुस्त कर. तो नाही म्हणाला, तेव्हा त्याचा हात चौकटीत धरून त्यावर दार आपटलं. दोन बोटं मोडली. मग निलारच म्हणाली, सर, तुम्ही मारा. ते मारतील तर मी मरेन.

"मग मी मारलं," तो म्हणाला. "तिच्या पायाच्या तळव्यांवर. हळू मारलं तर पुन्हा मारायला लावायचे. सो आय हिट हर प्रॉपरली."

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका टोळीनं त्या आवारावर हल्ला केला. गोळ्या सुटल्या, आग लागली, दार मोडलं. ज्यांना पळता आलं त्यांनी नदीत उड्या घेतल्या. निलारला उभंच राहता येत नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पळाला. काळे ऐश म्हणाले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ते तळवे होते.

मला भयंकर राग आला. त्या बॉसचा, त्या पालकांचा, काळ्यांचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अंशुमनचाही. ज्या प्रश्नाची मी रोज दुपारी वाट पाहत होते, त्याच प्रश्नासाठी त्या पोरीचे तळवे फोडले होते. आणि एवढं होऊनही तिनं तो सोडला नव्हता.

"पोलिसांना सांगू या."

"मी सांगितला. तिकडचे पण, इकडचे पण. त्यांनी सगळा नोट केला. दॅट्स इट."

"मग ब्लॉक करू?"

"नो! तुम्ही रिप्लाय नाही दिला तर ते तिला मारतात!"

ती अजून कुठल्यातरी टोळीच्या ताब्यातच होती, आणि तिथे पोरांचे मेसेज वरचे लोक वाचतात. म्हणून घरगुती गप्पा वाटाव्यात असं त्यानं सांगितलं आणि मी टाइप केलं: हो, जेवले. माझ्या भाच्याच्या हाताची बोटं आता बरी आहेत. तो शिक्षक आहे. तुम्ही जेवलात का?

बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "आय ईट. टीचर ईट ऑलसो? माय फूट वॉक गुड."

अंशुमन उठला, ओट्यावरच्या पातेल्यातला गार भात त्या वाकड्या बोटांनी उभ्या उभ्या खाऊ लागला, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत थांबला नाही. मी त्याला वरण वाढू दे म्हटलं, ते त्याला ऐकूही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच येऊन बसला. मी दोघांपुरता भात टाकला. ताटं वाढली आणि मेसेज आला.

"गुड आफ्टरनून, अरुणा. आय होप यू आर कीपिंग वेल. लव्हली वेदर फॉर अ वॉक, इजन्ट इट?"

एक चूक नाही. जेवणाचं नाव नाही.

"हा माझा लेसन आहे," अंशुमन म्हणाला. "फर्स्ट लेसन."

"म्हणजे तिला आता नीट यायला लागलं?"

"नाही, मावशी. आयदर दे बीट इट आउट ऑफ हर, नाहीतर तिच्या खुर्चीवर दुसरा कोणीतरी बसलाय."

शिक्षक हा शब्द तिथे कोणाच्या तरी नजरेत आला असणार. तो शब्द मी टाइप केला होता.

तो मागच्या बागेत गेला आणि कुंपणावर ठोसे मारत राहिला, मोडलेल्या बोटांच्याच हातानं, फळी फुटेपर्यंत. मी अडवलं नाही. मला जमलं असतं तर मीही मारले असते.

आत येऊन त्यानं रक्ताळलेला हात सिंकमध्ये धरला. "रिप्लाय द्या, मावशी. कोणी पण असेल. मार त्यालाच बसेल."

मी फोन घेतला. हवेबद्दल काही लिहिलं नाही. कोणी विचारलं नव्हतं, तरी लिहिलं: हो, जेवले. तुम्ही जेवलात का?

ताटातला भात तसाच होता.