बर्फातली शर्यत नि छातीचा फोटो

"सांस भरो. अब रोको. हिलना मत," असं तो फोटोवाला म्हणाला नि मला खोकला आला.

थंडगार पत्र्याला छाती लावून, हनुवटी वर करून मी उभी होते. दाराबाहेर बाकड्यावर आमच्या ह्यांच्या मांडीवर माझी तान्ही बाय रडत होती. तिचं रडणं आत ऐकू येत होतं नि दवाखान्यात घालायला दिलेला निळा झगा माझा दुधानं ओला झाला होता. श्वास भरला की आत कुठंतरी खरवडल्यासारखं व्हायचं, मग धरवायचाच नाही. तो माणूस केरळकडचा, त्याचं हिंदी माझ्यासारखंच मोडकं. आतून बाहेर आला, प्लेट बघितलीन् नि म्हणाला, "बहन, हिल गया. साफ नहीं आया. फिर आना."

बाहेर आले तर हे उभेच. "झाला?" मी नाही म्हणून मान हलवली. ह्यांनी बायला माझ्याकडे दिलं नि पुढं चालायला लागले.

आता हे सगळं का ते सांगते. हे अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. लग्न झालं नि महिन्यात हे बहरीनला गेले, मग मी सासरी नि हे इकडे, असंच चाललं. वर्षातून एकदा यायचे, लोक भेटायला यायचे, आमचं बोलणं व्हायच्या आत जायचा दिवस यायचा. मग कंपनीनं ह्यांना फॅमिली स्टेटस दिलं, म्हणजे बायकोला आणायची परवानगी. मी आले, बाय इथंच झाली. पण राहण्याचा कागद पुढं चालू ठेवायचा तर छातीचा फोटो लागतो. फोटो चांगला आला तर शिक्का, नाहीतर बायकोनं गावाला जायचं. मी सातवीतून शाळा सोडलेली, मला कागदातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात. फोटो नीट आला पाहिजे.

खोकला थंडी सुरू झाल्यापासून होता. जिना चढला की धाप लागायची, अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले होते. सगळ्यांकडे कारण तयार होतं. हे म्हणायचे, एसीचा वारा बाधला. भाबी म्हणायची, अंगावर पाजतेस, खात नाहीस, मग काय होणार. मीही तेच म्हणायचे. झोपताना पदराचा बोळा तोंडात धरायचे, भिंतीपलीकडे भाबीला ऐकू जाऊ नये म्हणून.

भाबी म्हणजे आमच्या फ्लॅटातली दुसरी बिऱ्हाडकरीण. झिंज वस्तीत दोन खोल्या नि मधे हॉल, एक खोली आमची, एक त्यांची. तिचा नवरा मनामात एका दुकानात क्लार्क. ती आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावातली, मुसलमान, पण तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण नि तांदळाची भाकरी दोघींची एकच. पहिल्या दिवशी मी रडत बसले होते तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "अगो, रडतंस कशाला? इथं पाण्यालापण पैसे पडतात, फुकट घालवू नको." त्या दिवसापासून मी तिची.

दुसऱ्यांदा फोटोला गेले तेव्हा सकाळपासून पाणी प्यायले नाही, म्हटलं घसा कोरडा ठेवला तर खोकला येणार नाही. उलट जास्त आला. फोटोवाल्यानं दोनदा प्रयत्न केलान्, बिचाऱ्याचा आवाजसुद्धा चढला नाही, पण प्लेट पुसटच. ह्यांच्या कंपनीतला कागद बघणारा माणूस ह्यांना म्हणाला, अजून एकदाच, मग मुदत संपली, बायकोला पाठवून दे. हे घरी आले, जेवले नाहीत. मला म्हणाले, "एवढंसं तर उभं राहायचं असतं गं." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी भाबीचा टीव्ही लागला होता. शुक्रवार सुट्टीचा, हे घरी, भाबीचा नवरा नमाजाला गेलेला. मी हॉलच्या कोपऱ्यात बायला पाजत बसले होते. टीव्हीवर बाहेरदेशी बर्फातल्या शर्यती चालल्या होत्या, सगळ्या देशांची माणसं आलेली. एकेक जण निघायचा. सगळे एकदम नाही, एक गेला की थोडा वेळ जायचा, मग दुसरा. पायात लांब फळ्या, हातात काठ्या, नि पाठीला बंदूक.

भाबी भांडी घासता घासता हात पुसत आली. "ह्या बंदुका कशाला घेतल्यान्? अस्वल येतं काय वाटेत?"

"शर्यतीतच आहे ते," हे म्हणाले. "पळायचं नि मधे थांबून नेम मारायचा."

"मेल्यांना एक काम धड करायला नको. पळायचंय तर पळा, मारायचंय तर मारा."

ह्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी ते हसले. कारखान्यात राहून ह्यांना इंग्रजी कळायचं, टीव्हीतला माणूस बोलेल ते आम्हाला सांगायला लागले. पहिल्यांदा आडवं पडून पाच नेम, मग परत पळून यायचं, मग उभं राहून पाच. काळी टिकली पांढरी झाली की लागला. चुकला की बाजूला एक लहान रिंगण आहे, जितके चुकले तितक्या वेळा त्या रिंगणात फिरून यायचं, तेव्हा पुढं जायला मिळतं.

मी बर्फ कधी बघितलं नाही. मला वाटायचं थंडीत माणूस गारठून बसतो, पण ती माणसं घामानं निथळत होती, तोंडातून वाफ, नाकातून पाणी. एक उंच पोरगा आला, दाढीवर बर्फ गोठलेलं. सगळ्यांत भराभर तोच येत होता. बंदूक काढून उभा राहिला. त्याची छाती अशी वरखाली होत होती, अशी, की मला माझीच छाती बघितल्यासारखं वाटलं. जिना चढून आले की माझी होते तशी. मी बायला घट्ट धरलं. त्यानं नेम धरला, पहिली टिकली काळीच राहिली. दुसरीही.

"घाई केलान्," हे म्हणाले. "श्वास बसू दिला नाही."

तो रिंगणात फिरायला गेला. बाकीचे पुढं निघून जात होते नि हा गोल गोल फिरत होता. मला रडूच आलं. भाबी म्हणाली, "तुझा कोण लागतो गो तो?" मी म्हटलं, कोणी नाही. पण त्याची आई बघत असेल ना कुठंतरी.

त्यानंतर एक बुटका आला, तो सावकाश. काठ्या बाजूला ठेवल्यान्, बंदूक खांद्याला लावलीन्, मोठा श्वास घेतलान्, मग त्यातला थोडा सोडून दिलान् नि तिथंच थांबला. पुतळा झाला. टिकली पांढरी. परत तसंच. परत.

ह्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. "बघितलंस? पूर्ण भरून धरत नाही तो. थोडा सोडतो नि मग धरतो. तू गच्च भरतेस, म्हणून खोकला येतो तुला."

शर्यत कोण जिंकला ते मला माहीत नाही. पुष्कळ वेळ कळतच नव्हतं, कारण सगळे येईपर्यंत थांबायचं असतं, आधी पोचला तो जिंकलेला नसतो. आम्ही काही थांबलो नाही. हे मला खोलीत घेऊन गेले, कपाटाला छाती लावून उभी केलीन् नि म्हणाले, घे. थोडा सोड. आता धर. मी धरला, खोकला आला. परत. आला. भाबी दारात बायला कडेवर घेऊन उभी, म्हणते, "यल्ला, चल, बंदूक देऊ काय हातात?" मी हसले तर आणखी खोकला. मग शांत झालं सगळं. घे, थोडा सोड, धर. ह्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मी धरून राहिले, राहिले, राहिले. "सोड!" म्हणाले तेव्हा हेच दम लागल्यासारखे दिसत होते. रोज संध्याकाळी कामावरून आले की तेच. ते दिवस चांगले गेले. मला आता वाटतं, आमच्या लग्नात एवढं एकत्र काही आम्ही केलंच नव्हतं.

तिसऱ्यांदा गेले. फोटोवाला मला बघून म्हणाला, "आज इंशाल्ला होगा, बहन." मी पत्र्याला छाती लावली, डोळे मिटले. बायचं रडणं ऐकायचं नाही असं ठरवलं. घेतला. थोडा सोडला. धरला. आतली ती खरवड उठली, वर आली, घशापर्यंत आली, मी हललेच नाही. टक् असा आवाज झाला.

प्लेट बघून तो आतूनच ओरडला, "फर्स्ट क्लास! एकदम साफ!"

मी झग्यातच बाहेर पळाले. ह्यांना सांगितलं. हे इतके खूश झाले की लोकांसमोर माझा दंड धरलान्. येताना बाजारातून मोठी सुरमई घेतली, भाबीला अर्धी दिली. भाबी म्हणाली, खलास, आता तू कुठं जात नाहीस, मला भांडायला कोणतरी पाहिजेच. त्या रात्री मी बोळा न धरता झोपले.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. दोघांनाही.

डॉक्टर आपल्या देशाकडचेच, हिंदी बोलणारे. त्यांनी उजेडाच्या डब्यावर प्लेट लावली. माझ्या बरगड्या मी पहिल्यांदा बघितल्या, एकेक मोजता येईल अशा. "पहलेवाले में कुछ दिखता नहीं था," ते म्हणाले. "इसमें साफ है." नि पेनानं उजव्या बाजूला वर दाखवलं. पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी होतं तिथं.

हे पुढं वाकले. "किधर?" म्हणाले. डॉक्टरांनी परत दाखवलं. "किधर?" हे परत म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलंन् तेव्हा मी ह्यांचा शर्ट ओढला.

डॉक्टर टीबी म्हणाले, तो शब्द मला माहीत होता. आमच्या वाडीत एका घरात झाला होता, त्यांच्या विहिरीवर कोणी जात नव्हतं. पुढचं मी काही ऐकलं नाही, मी एवढंच विचारलं, माझी पोर अंगावर पिते, तिला?

मग बायचा फोटो. तिला मी धरायचं नाही असं डॉक्टर म्हणाले, ह्यांनी धरलं. ती आक्रोश करत होती नि तो फोटोवाला तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता. रडणं संपवून तिनं श्वास ओढला तेवढ्यात बटण दाबलान्. तिचा चांगला आला, नि आत काही नव्हतं. मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खाली बसले, फरशीवरच. देवाचं नाव घ्यायचं सुद्धा सुचलं नाही. त्या फोटोवाल्यानं त्यानंतर एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला त्याला सांगायचं होतं की तुझं काही चुकलं नाही, पण हिंदीत कसं सांगायचं ते सुचलं नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले, "मीच शिकवलं तुला."

"अहो, बायला नाही ना काही," मी म्हटलं.

"मीच शिकवलं," हे परत म्हणाले. मग बायला छातीशी धरून रस्ता ओलांडायला लागले.

मला अजून कळत नाही काय वाटून घ्यायचं ते. फोटो पुसट येत राहिला असता तरी पाठवलंच असतं, पण मग मी बायला पाजतच राहिले असते, कोणाला कळलं नसतं. हे मी ह्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण ते त्यांच्या आत गेलं नाही.

दूध त्याच दिवशी तोडायला सांगितलं. गोळ्या नि सुया चालू झाल्या, थोडे दिवस घरीच, मग गावाला जायची परवानगी. बायला भाबीनं आपल्या खोलीत नेलं. माझा कप तिनं वेगळा ठेवला, ताट वेगळं. मला लागलं ते. पण माझी पोर तिच्याच खांद्यावर झोपत होती, मी काय बोलणार? भिंतीपलीकडे बाय रडायची नि मी भिंतीला कान लावून बसायचे. बाटली तोंडात घेईना. भाबी तिला म्हणायची, "घे गो माझे बाय, आई खोटारडी हाय तुझी, मी बघ," नि मला वाटायचं, म्हण, खुशाल म्हण, फक्त पाज.

ह्यांना सुट्टी मिळाली नाही. ओळखीतली एक चिपळूणकडची बाई भावाच्या लग्नाला चालली होती, तिच्या हाती बायला द्यायचं ठरलं. आमच्यात असंच असतं, जाणाऱ्याच्या हाती सगळं पाठवतात, सोनं, औषधं, साबण, कॅमेरा. मूलही. मुहर्रकला विमानतळावर ह्यांनी बायला तिच्या हातात दिलं, मग माझ्याकडे आले. म्हणाले, "सुया चुकवू नको." एवढंच. माझ्या पाठीवर हात ठेवला नि लगेच काढून घेतला.

विमानात मी मागं, ती बाई पुढं. चौकडी फ्रॉकातली बाय तिच्या खांद्यावरून मागं बघत होती. मला बघितलंन् नि हात पुढं केलान्. मी खिडकीकडे तोंड केलं. विमान उडालं तसं ती रडायला लागली. मला तिच्या रडण्यातलं सगळं कळतं, भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं. हे मला बोलावण्याचं होतं. इतके दिवस झाले होते दूध तोडून, तरी उतरलं. मी शाल घट्ट ओढून घेतली.

ती पुष्कळ वेळ रडली. मग एकदम थांबली. मी घाबरून उठले, विमानात पाणी वाटणारी मुलगी मला बस बस करत होती, मी तिला बाजूला सारून दोन पावलं पुढं गेले नि तोंडावर पदर धरून लांबूनच बघितलं. त्या बाईनं बाटली धरली होती नि बाय डोळे मिटून पीत होती. तिची बोटं त्या बाईच्या मंगळसूत्राशी खेळत होती, जशी माझ्याशी खेळायची.

त्या बाईनं मला बघितलं. "घेतलंन् गं," म्हणाली. "झोपेल आता. तू जा."

मी माझ्या जागेवर जाऊन बसले.