हवावाल्याचे गुण

सडक अर्जुनीजवळच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्या त्या बाई ट्रकवाल्यालाही आणि मास्तरांनाही एकाच सुरात सांगतात, "झिरो पाहा भाऊ, मंग म्हनू नोका." त्या हसत नाहीत, पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या टाकीचं झाकण स्वतः घट्ट लावून देतात.

माझं काम गिऱ्हाईक बनून पंप तपासायचं, गुण द्यायचे आणि शेवटी ओळख सांगायची. पहिल्यांदा मी त्यांना तेल कंपनीचं पत्र दाखवलं, तेव्हा त्यांनी आधी पेट्रोलची नळी जागेवर अडकवली.

"तुम्ही नमस्कार म्हणाला नाहीत, तुमचा एक गुण गेला," मी म्हणालो. "आणि तो हवावाला तर काहीच बोलत नाही. त्याचे पाच जातील."

"त्याले ऐकू येत नाही, साहेब. त्याचे बी माह्यातूनच कापा."

"अशानं तुमची नोकरी जाईल."

"मले दुसरी भेटंल. त्याले कोण ठेवते?"

तेवढ्यात माझी गाडी हलली. हवावाला तिच्या मागच्या चाकाशी बसून हवा भरत होता. चाक बसलंय हे मला माहीतही नव्हतं.

मी त्याला पूर्ण गुण लिहिले आणि कागद बाईंपुढे धरला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्याच्याकडे वळून हातानंच खूण केली, जेवायला चल.